गादीखालची फळी

मंगळवार, ४ तारीख

भुंग्या,

आधी आला तो अत्तरवाला. बेल वाजायच्या आधी त्याचा वास दाराखालून आत शिरला, म्हणून मी आतूनच म्हटलं, आली स्वारी. हा तुझ्या ओळखीचा नाही. ज्या विमानाच्या कंपनीचं काळं सामान तुझा बाबा तपासून देतो, त्या कंपनीचा माणूस. बूट इतके चकचकीत की त्यात बघून मी वेणी घातली असती. मागोमाग धापा टाकत आले ते बाबाचे हेड. तेच, ज्यांना तू छत्री म्हणायचास. अजून तशीच छत्री हातात असते, आणि अजून पाऊस आला की स्वतःपुरतीच उघडतात. लिफ्ट पुन्हा बंद आहे, त्यामुळे तीन जिने चढून त्यांचा जीव घशाशी आला होता. मी म्हटलं, बसा, आधी पाणी घ्या, मग काय ते बोला.

बसायचं कुठे? दोन्ही खुर्च्यांवर तुझ्या बाबाच्या पुस्तकांचे ढीग. मग दोघं बसले ते माझ्या खाटेवर, अगदी मधोमध. तुझ्या बाबाचा चेहरा बघायला हवा होतास. कुणी आपल्या ताटावर बसलं तर होईल तसा. "तिथे नको, तिथे नको, इकडे या," म्हणून त्याने स्वतःच्या हाताने पुस्तकं खाली फेकली. तुला माहीत आहे ना, पुस्तकाला पाय लागला तरी तो दिवसभर कुरकुरतो. पण ते काही उठले नाहीत. अत्तरवाला म्हणाला, "अहो राहू दे सर, इथे छान आहे, किती टणक आहे."

टणक आहेच. ते सांगायचं राहिलं. माझी खाट मधे झोळीसारखी झाली होती ना, तर तुझ्या बाबाने कुठून तरी एक काळी फळी आणून गादीखाली आडवी घातली. हातभर रुंद आणि पिसासारखी हलकी, पण वाकेल तर शपथ. माझी कंबर पंधरवड्यात सरळ झाली.

मी चहा केला. ते हळू बोलत होते, आणि हळू बोललेलं मला जास्त ऐकू येतं हे त्यांना माहीत नाही. छत्री म्हणत होते, "दोन ओळींचा तर प्रश्न आहे." तुझा बाबा म्हणत होता, "दोन ओळींचाच आहे." तेवढंच तीनदा झालं. मग अत्तरवाल्याने विचारलं, "आणि तो नमुना कुठे आहे, सर? प्रयोगशाळेत नाही." तुझा बाबा फेकलेली पुस्तकं उचलून रचायला लागला. मी बिस्किटं पुढे केली. अत्तरवाला मला म्हणाला, "आई, चहा फार सुंदर." मी म्हटलं, आई म्हणणारा एक आहे, तेवढा पुरे, तुम्ही बाई म्हणा.

तुझा बाबा सध्या सुट्टीवर आहे. कसली सुट्टी ते मला लहान मुलांना सांगतात तसं सांगितलंय, म्हणजे सांगितलेलंच नाही. पण खरं सांगू, मला मजा आहे. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा माझा मुलगा मला दिवसाउजेडी दिसतो. गरम जेवतो. त्याने मोरीचा नळ दुरुस्त केला, खिडक्यांना तेल घातलं, मग न बिघडलेला पंखा उघडला आणि तो आता बिघडला. उरलेला वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा असतो. तिथून प्रयोगशाळेचं दार दिसतं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस. तू पाटीवर गिरवायचास आणि मी तुझ्या मागे बसून गिरवायची, तेवढीच माझी शाळा. तू पुढे इंजिनियर झालास, मी जोडाक्षरापाशी उतरले.

आजी

शनिवार, ८ तारीख

भुंग्या,

आपल्या घरी आता वर्ग भरतो. मी कधी शाळेत गेले नाही, तर शाळाच जिना चढून माझ्याकडे आली बघ.

पाच-सहा मुलं येतात. त्यात एक मुलगी आहे, तिला मी शंकासुर नाव ठेवलंय. दर वाक्याला हात वर. तिच्याच तोंडून निघून गेलं की सरांना वर्गात शिकवायला बंदी आहे आणि त्यांचं कार्ड आता कुठल्याच दाराला चालत नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती बिचारी रिकामाच ग्लास तोंडाला लावून पिऊ लागली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तर ही असली सुट्टी आहे. तुला सांगायचं नाही असं तुझ्या बाबाने बजावलंय, म्हणून लिहिते आहे, सांगत नाही.

पण शिकवतो मात्र काय, भुंग्या. मला वाटायचं विमानाचं शिकवतो म्हणजे वर बोट दाखवून शिकवत असेल. तो तर खाली मान घालून एका काळ्या तुकड्यावर नाणं आपटत होता. एक चांगला तुकडा, एक बिघडलेला. "डोळे मिटा," म्हणाला. चांगला वाजतो टण, टण, टण. बिघडलेला टण, टण, मग एका जागी थप. ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. तिथे आतले थर सुटलेले असतात, वरून काही दिसत नाही.

शंकासुर म्हणाली, "सर, आत बघायचं मशीन असताना नाणं कशाला?"

"मशीन बंद पडतं. कान घरी विसरता येत नाहीत."

"माझी आई म्हणते मी विसरते."

सगळी हसली. तुझा बाबाही हसला. किती दिवसांनी, ते विचारू नकोस.

मग त्याने ते काळं सामान कसं करतात ते सांगितलं, आणि मला पहिल्यांदा कळलं तुम्ही दोघं तिथे दिवसभर काय करायचात. काळ्या धाग्याचं कापड असतं, आधीच चिकात भिजवलेलं. शिळं होऊ नये म्हणून गोठवून ठेवतात. ते कापून एकावर एक थर घालायचे, गोधडीसारखे, आणि दाबाच्या भट्टीत शिजवायचे. मात्र प्रत्येक थराला एक पातळ निळा पापुद्रा चिकटलेला असतो. तो सोलून काढायचा आणि मगच पुढचा थर ठेवायचा. एखादा आत राहिला तर ते दोन थर जन्मात एकमेकांना धरत नाहीत. म्हणून म्हणे नियम असा की थर घालायला दोन माणसं लागतात. एकाने सोलायचं. दुसऱ्याने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि पापुद्रा खिडकीच्या काचेला लावायचा. शेवटी काचेवरचे मोजायचे. शंकासुरने विचारलं, एकाने का नाही चालत? तर तुझा बाबा म्हणाला, "एकटा माणूस मोजत नाही. मोजलं असं धरून चालतो."

हे म्हणताना त्याचा आवाज उतरला. मला वाटलं घसा असेल.

मुलं गेली. तो खाली दूध आणायला गेला. मी डाव्या कुशीवर पडले, गादीची कड उचलली आणि हातातल्या अंगठीने त्या फळीवर वाजवायला लागले. आपली गंमत म्हणून. टण, टण, टण. म्हटलं वा, मी पण इंजिनियर. थोडी पुढे सरकले. टण, टण.

थप.

परत वाजवलं. थप. चार बोटं रुंद जागा, पूर्ण थप. हात फिरवला तर तिथे किंचित फुगीर लागते.

भुंग्या, ही कुठली फळी आहे ते तुला कळलं असेल. मला कळायला दूध उतू जाईपर्यंत वेळ लागला. ज्या फळीवरून तुम्हा बापलेकांचं बिनसलं, ती माझ्या कमरेखाली आहे, आणि मंगळवारी अत्तरवाला तिच्यावरच बसून विचारत होता, नमुना कुठे आहे.

आजी

शुक्रवार, १४ तारीख

भुंग्या,

मी त्याला जेवताना गाठलं. तोंडात घास असला की माणूस पळू शकत नाही. म्हटलं, "माझ्या गादीखाली काय आहे?"

"फळी."

"वाजवली मी ती."

त्याने घास गिळला. मग म्हणाला, "कंपनीला ती हवी आहे. एकदा गेली की परत दिसणार नाही. प्रयोगशाळेला कुलूप लावायला आले त्या सकाळी मी ती घेऊन निघालो. तुझ्या गादीखाली कोण बघणार?"

"आणि माझ्या वजनाने मोडली असती म्हणजे?"

"आई, विमानाच्या पंखावर जो भार येतो त्यापुढे तू म्हणजे कापूस."

इतकी वर्षं झाली, मला कुणी कापूस म्हटलं नव्हतं. पण मी हुरळले नाही. सगळं काढून घेतलं. तू आता नीट वाच, कारण तुला अर्धंच ठाऊक आहे, आणि ते अर्धं घेऊन तू घर सोडलंस.

फळी दाबून बघितली तेव्हा ठरलेल्या भाराच्या आधीच ती आतून सुटली. यंत्रात आत काळा डाग दिसला. तो डाग दोन कारणांनी असू शकतो. एक, निळा पापुद्रा आत राहिला. दुसरं, कंपनीचा चीकच खराब आहे. पापुद्रा असेल तर ही एक फळी वाया, बाकी सामान चांगलं. चीक खराब असेल तर त्याच गठ्ठ्यातलं कापड कंपनीने विमानांच्या शेपटांना लावून टाकलंय, ती विमानं उभी करावी लागतील. कंपनीला पहिलं कारण हवंय. छत्रींनाही हवंय, त्यांची नवी इमारत कंपनी बांधून देते आहे.

त्या दोन ओळी म्हणजे ह्या. "विद्यार्थ्याच्या हातून पापुद्रा आत राहिला. सामानात दोष नाही." आणि विद्यार्थी म्हणजे तू, इंजिनियर होऊनही बाबाच्याच हाताखाली पुढचं शिकणारा.

तुला वाटतं बाबाने सगळ्यांच्या देखत तुला विचारलं, काढला होतास ना रे, तेव्हाच त्याने तुझ्यावर ठपका ठेवला. ते विचारणं वाईट झालं, मीही म्हणते. बापाने मुलाला चारचौघांत असं विचारू नये. पण त्यानंतर काय झालं ते तू गेल्यामुळे तुला दिसलं नाही. दर आठवड्याला ते त्याच्यापुढे कागद ठेवतात आणि तो सही करत नाही. आधी त्याचा वर्ग काढला. मग प्रयोगशाळा. मग कार्ड. आता नोकरीबरोबर मिळालेलं हे घरही रिकामं करा म्हणून सांगितलंय. चौकशी संपेपर्यंत गाव सोडून जायचं नाही, आणि गावात राहायचं कुठे ते तुमचं तुम्ही बघा. अडकित्त्यात सुपारी सापडते ना, तसा सापडलाय. सही केली की सुटला. कार्ड परत, प्रयोगशाळा परत, शंकासुर परत वर्गात. तरी करत नाही.

काल अत्तरवाला एकटाच आला, बाबा खाली गेलेला बघून. मला समजवायला. "बाई, तुम्हीच सांगा त्यांना. शिकाऊ मुलाची चूक, त्याला कोण शिक्षा करणार? उलट आम्ही त्याला नोकरी देऊ."

मी म्हटलं, "म्हणजे ज्याने तुमचं विमान बिघडवलं त्यालाच नोकरीला ठेवणार?"

तो हसला. त्याचे दात फार छान आहेत. मी म्हटलं, "तुम्ही विमानाने येता ना इथे?"

"हो, नेहमी."

"त्याच शेपटाच्या?"

तो म्हणाला, चहा राहू द्या. वास मात्र रात्रीपर्यंत राहिला.

मी तुला हे लिहिते ते बाबाला माहीत नाही. तुला कळू नये असं त्याला वाटतं. मी विचारलं, का? तर म्हणाला, "कळलं तर तो येऊन स्वतःच सही करेल. त्याला वाटेल बाप सुटतो." आणि उठून खिडकीशी गेला. दिवसभर तिथेच असतो आता. मी नळ मुद्दाम सैल करून ठेवते, म्हणजे अधूनमधून दुरुस्त करायला तरी वळतो.

आजी

बुधवार, १९ तारीख

भुंग्या,

आज मी माझ्या तोंडाने वाट लावली.

मला आठ दिवस एकच प्रश्न पडला होता आणि तो इतका साधा की विचारायची लाज वाटत होती. एवढी शिकलेली माणसं भांडताहेत, म्हणजे काहीतरी अडचण असेल, म्हटलं. पण राहवेना. तो इस्त्री करत होता. त्याच त्या शर्टाला, जो घालून कुठे जायचं नाही. मी म्हटलं, "अरे, आत काय आहे हे भांडण आहे ना? मग कापा की ती फळी."

त्याने इस्त्री उचललीच नाही. शर्टाला डाग पडला.

"कापली की पुरावा गेला," म्हणाला.

"कापली की तोच पुरावा ना? निळं दिसलं तर दिसलं."

"एवढं सोपं नाही."

"काय अवघड आहे?"

तेव्हा तो माझ्यावर ओरडला. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ओरडला तेव्हा त्याचा पतंग मी चुलीला लावला होता. म्हणाला, "तुला काही कळत नाही, तू मधे पडू नकोस." मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलत बसले. डोळ्यात पाणी यायला कांदे तरी हवेत, तेही नव्हते.

थोड्या वेळाने तो आला, माझ्यासमोर खाली बसला आणि सोललेला बटाटा परत सोलायला लागला. आणि बोलला.

त्या दिवशी थर घालायला तुम्ही दोघं होतात. तू सोलत होतास, तो आकडा म्हणत होता. मधेच फोन आला. अत्तरवाल्याचाच, फळी कधी देता म्हणून. तो बाहेर गेला आणि बोलत राहिला. आत आला तेव्हा तू शेवटच्या थरावर होतास. काचेवर पापुद्रे लागलेले दिसले, गच्च, एकावर एक. त्याने मोजले नाहीत. म्हणाला, "मला वाटलं, माझा मुलगा आहे." आणि मोजले म्हणून सही केली.

इतकी वर्षं पोरांना तो एकच धडा देतो, आणि त्याच धड्यात नापास झाला. त्यामुळे भुंग्या, तुझा बाबा कापत नाही तो पुरावा जाईल म्हणून नाही. निळं निघालं तर तुझी चूक उघडी पडेल, आणि त्याहून मोठी त्याची. आणि न कापता सही करायची म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर खराब शेपूट उडत राहील. इकडे आड तिकडे विहीर, आणि हा मधल्या काठावर माझा नळ दुरुस्त करत बसलाय.

कंपनीही कापा म्हणत नाही, बघ. त्यांनाही आत काय आहे ते नकोच आहे. सगळे मिळून एका फळीला घाबरतात, आणि तिच्यावर झोपते मी.

एवढंच कळव. तो बाहेर होता तेव्हा तू मोजत होतास का? रागावून नको, नुसतं कळव. आणि कळवायचं नसेल तर जेवतोस का ते तरी कळव.

आजी

सोमवार, २४ तारीख

भुंग्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी खाटेवर होते आणि तो दारात उभा राहून दाढी करत होता, कारण मोरीतला दिवा त्याने दुरुस्त केलाय. तुला वाटलं असेल फोनचा मोठा आवाज माझ्याकडून चुकून लागला. तसंच वाटू दे, पण त्याने सगळं ऐकलं.

तू पहिलं वाक्य म्हणालास, "आजी, मला आठवत नाही." मग म्हणालास, "बाबा बाहेर गेले तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मला वाटलं ते आत येऊन मोजतील." मग माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, घरी यायचं बघतो म्हणालास आणि फोन ठेवलास. इथे काय झालं ते सांगते.

त्याने वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला फेस. भिंतीला टेकून तो सावकाश खाली बसला, माझ्या पायाशी. मी घाबरले. मग बघते तर त्याचे खांदे हलताहेत. हसत होता का रडत होता, फेसामुळे कळेना. म्हणाला, "आई, त्याला आठवत नाही."

"ऐकलं मी."

"मला वाटत होतं त्याला माहीत आहे. माहीत आहे म्हणून गेला."

"आणि त्याला वाटत होतं तुला माहीत आहे, म्हणून तू विचारलंस. दोघांनाही ठाऊक नाही, मग भांडण कशाचं होतं?"

त्याने उरलेली अर्धी दाढी केली. एकदाही न कापता. मग गादी उचलून फळी बाहेर काढली, पुसली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. उघड्यावर. मी रात्री झोळीत झोपले, कंबर धरली आहे, पण ते असो.

आज सकाळी पाहुणे येणार हे ठरलेलंच होतं, घराची किल्ली मागायला. आज आधी आले ते छत्री, अत्तरवाला मागून, कारण त्याने नवे बूट घातले होते आणि जिन्यात ते चावत होते. आत येऊन बघतात तर टेबलावर फळी. अत्तरवाल्याने हातच पुढे केला. "ही आमची आहे, सर."

मी काय केलं असेल सांग. फळी उचलली, खाटेवर ठेवली आणि वर बसले. म्हटलं, "घ्या की. पण मला उठायला वेळ लागतो, गुडघे." छत्री म्हणाले, बाई, हे बरं नाही. मी म्हटलं, गेल्या खेपेला तुम्ही दोघं ह्याच फळीवर बसून चहा प्यायलात, तेव्हा बरं वाटलं ना? अत्तरवाल्याने असा चेहरा केला की मला त्याची कीव आली. आली आणि गेली.

तुझा बाबा मात्र शांत होता. इतके दिवस मी त्याला असा बघितला नव्हता. म्हणाला, "प्रयोगशाळा एका सकाळपुरती उघडा. तुमच्यासमोर फळी कापतो. निळं निघालं तर लिहून देतो, पापुद्रा राहिला आणि मोजणारा मी होतो. विद्यार्थी हा शब्द त्यात येणार नाही. निळं नाही निघालं तर तेही लिहून देतो, आणि ते विमानं उडवणाऱ्यांनाही पाठवतो."

छत्री म्हणाले, "अहो, पहिल्यात तुमची नोकरी जाईल."

"आणि दुसऱ्यात तुमची इमारत. बरोबरीत आहे."

"कापायलाच कशाला पाहिजे? सध्या आहे ते आहे तसं ठेवू. तुम्ही सही करू नका, आम्ही मागत नाही, घरात राहा हवं तर."

ऐकलंस? घरात राहा. इतके दिवस मी मनातून हेच मागत होते, भुंग्या. मुलगा घरात, गरम जेवण, नळ दुरुस्त. पण त्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं आणि मला हे घर कोंडवाड्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "नको. कामावर जाऊ दे त्याला. माझ्या घरात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही."

शेवटी छत्री कबूल झाले. कारण दारात शंकासुर आणि बाकी मुलं वह्या घेऊन उभी होती आणि सगळं ऐकत होती. एवढ्या कानांसमोर नाही म्हणायला छत्री लहान पडते.

ते गेल्यावर शंकासुरने विचारलं, "सर, कापायला पण दोन माणसं लागतात ना? एक कापणार, एक बघून सांगणार?"

"लागतात."

"मी येऊ?"

तो म्हणाला, "नको. त्या फळीवरचं दुसरं माणूस ठरलेलं आहे."

मग तिने ठरलेलं म्हणजे कोण असं विचारलं, आणि त्याने एवढंच सांगितलं की तो लांब असतो. तिने हात खाली घेतला. पहिल्यांदा.

तू काल येतो म्हणाला नाहीस. बघतो म्हणालास. तुझ्या बाबाने ते ऐकलं, आणि आता तुझा पांढरा प्रयोगशाळेचा कोट त्याने काढून इस्त्री करून ठेवलाय, डाग न पाडता. मी काही म्हणत नाही. तुला काम असेल. गाडीला गर्दी असेल. आत निळं निघतं का नाही, मला त्याची भीती वाटत नाही. आकडा म्हणणारं कुणी नसेल, तेवढीच वाटते.

फळी परत माझ्या गादीखाली आहे, कापेपर्यंत. कंबर बरी आहे. लिफ्टही दुरुस्त झाली म्हणतात, तुझा बाबा बघायला गेलाय.

पाहुणे गुरुवारी येतो म्हणून सांगून गेलेत, सकाळी, प्रयोगशाळेची किल्ली घेऊन.

आजी